खासगी पिंजऱ्यातील वाघ-बिबटे : मालकीच्या कायद्यापासून सुरक्षेच्या कायद्यापर्यंत

यावल-रावेरकडच्या केळीच्या बागा आणि गिरणाकाठचा ऊस यांत बिबट्याचा वावर असणे खानदेशाला नवे नाही. मुक्ताईनगरजवळच्या वढोदा-डोलारखेडा परिसरात तर पट्टेदार वाघही शेतशिवाराच्या अंगाला राहतो. अशा भागात आईपासून सुटलेला बछडा कोणाच्या तरी हाती लागतो आणि तो घरी नेऊन वाढवावा असा मोह होतो. हा मोह कायद्याने कसा हाताळला, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते, कारण या विषयावरील भारतीय कायद्याने प्राणी कोणाचा हा प्रश्न दीर्घकाळ विचारला आणि त्या प्राण्याच्या शेजारी कोण राहते हा प्रश्न फार उशिरा, तोही अर्धवटच विचारला.

मोगल दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. कोल्हापूरसारख्या संस्थानांत ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली. खानदेशात तसा मोठा संस्थानी पिंजरा नव्हता. येथे 1818 नंतर इंग्रजी अंमल आला. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने वाघांच्या शिकारीतून भिल्लांशी जवळीक साधली. त्या काळच्या सरकारी दृष्टीने वाघ हा मारून बक्षीस घेण्याचा प्राणी होता, तर सातपुड्यातील आदिवासींच्या दृष्टीने वाघदेव. पाळण्याचा प्राणी तो दोघांच्याही लेखी नव्हता.

वाघ-सिंहांना पिंजऱ्यात घालून गावोगाव नेणारी संस्था म्हणजे सर्कस, आणि तिचा भारतीय इतिहास मराठी माणसापासूनच सुरू होतो. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे सांगली-तासगाव भागातून अनेक सर्कशी निघाल्या. वाघाला हुकमात ठेवता येते, ही समजूत प्रेक्षकांच्या पिढ्यांमध्ये रुजवण्यात या खेळांचा वाटा मोठा आहे आणि आजही बछडा घरी नेणाऱ्याच्या मनात तीच समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जंगलात वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षे आईजवळ राहते. माणसाने वाढवलेले पिल्लू त्याच वयात प्रौढ ताकदीचे होते आणि माणसाची भीती मात्र शिकलेले नसते. अशा प्राण्याला जंगलात सोडताही येत नाही, म्हणून एका घराची हौस त्या प्राण्याची जन्मभराची कैद ठरते.

1972 मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला. त्याच्या कलम 39 ने वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरवले. ज्यांच्याकडे अनुसूचीतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित यादीतील, प्राणी आधीपासून होते त्यांनी तसे जाहीर करावे आणि मालकीचे प्रमाणपत्र घ्यावे, अशी तरतूद कलम 40 ते 42 मध्ये झाली. अर्जदाराकडे प्राणी ठेवण्याची व सांभाळण्याची पुरेशी सोय आहे की नाही हे मुख्य वन्यजीव रक्षकाने आधी पाहावे, ही अट मात्र 2002 च्या दुरुस्तीने आली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. त्या अटीतही विचार प्राण्याच्या सोयीचा आहे. कुंपणापलीकडच्या वस्तीचा तिथे उल्लेख नाही.

1991 च्या दुरुस्तीनंतर 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि पिंजऱ्याची जागा, दुहेरी दारे, प्रेक्षकांपासूनचे अंतर यांचे निकष ठरू लागले. परंतु प्राणिसंग्रहालयाची व्याख्या लोकांना प्रदर्शन करण्यावर आधारलेली असल्याने, कोणालाही न दाखवता बंगल्यामागे ठेवलेला पिंजरा या निकषांच्या कक्षेत आपोआप येत नव्हता. सर्कशीचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली ऑक्टोबर 1998 मध्ये वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवर बंदी आली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

परदेशांत सुरक्षेचा विचार अधिक थेट झाला. ब्रिटनमध्ये 1976 च्या कायद्याने धोकादायक प्राणी पाळण्यासाठी स्थानिक परिषदेचा परवाना, पशुवैद्याची तपासणी आणि इतरांना होणाऱ्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. अमेरिकेला त्याची जाणीव दुर्घटनेनंतर झाली. ऑक्टोबर 2011 मध्ये ओहायोतील झेन्सव्हिल येथे एका मालकाने आपल्या प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि पोलिसांना 18 वाघांसह जवळपास पन्नास प्राणी गोळ्या घालून मारावे लागले. ओहायोने पुढच्याच वर्षी कायदा केला, परंतु मोठ्या मार्जारकुळातील प्राणी घरी पाळण्यास देशभर मनाई करणारा संघीय कायदा होण्यास डिसेंबर 2022 उजाडला.

त्याच महिन्यात आपल्याकडेही अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. जग्वारसारख्या (बिबट्यासारखा दिसणारा अमेरिका खंडातील प्राणी) परदेशी प्रजातींना आजवर असलेली पळवाट कलम 49 एम मधील नोंदणीने बरीच आवळली गेली. नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते, म्हणून उसातला बछडा उचलून घरी ठेवणाऱ्याला आपण शिकारी नाही असे म्हणता येत नाही. वन्य प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आल्यास 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. बछडा दिसला तर त्याला हात न लावता 1926 या क्रमांकावर वन विभागाला कळवणे सर्वांत योग्य, कारण आई बहुधा जवळच असते.

उणीव राहिली ती शेजाऱ्याची. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यातील गावांनी बिबट्याच्या भीतीखाली काढलेले दिवस ज्यांना आठवतात, त्यांना जवळच्या पिंजऱ्यात कोणता प्राणी आहे हे जाणण्याचा अधिकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खासगी ताब्यातील अशा प्राण्यांची नोंद वन विभागाबरोबरच ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांनाही कळवण्याची तरतूद नियमांत झाली पाहिजे, आणि ब्रिटनप्रमाणे विम्याची अटही घातली पाहिजे.