तारीख ठरली म्हणजे काय ठरलं?

‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ आणि ‘ड्यून’चा तिसरा भाग या दोन्ही चित्रपटांची जाहीर झालेली तारीख एकच आहे, १८ डिसेंबर २०२६. त्याआधी दिवाळीला ‘रामायण’चा पहिला भाग. ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईच्या सीवूड्सपर्यंत चाहत्यांचा खल चालू आहे तो आधी काय बघायचं आणि कुठल्या पडद्यावर, याचा. पण तारखेवरून असा आगाऊ वाद घालणं ही इथली अलीकडची चैन. आधीच्या पिढ्यांना तारीख मिळतच नसे. मिळायचा तो माल, तोही हात फिरून आलेला.

कॉमिक्सपासून सुरुवात करू. ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती १९५२ची. विक्रमाच्या पाठीवर बसून कोडं घालणारा वेताळ तिने घराघरात नेला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४मध्ये निघालं आणि त्यातल्या फॅन्टमला मराठीतही वेताळ हेच नाव पडलं. त्यामुळे एकाच घरात दोन वेताळ नांदू लागले, एक झाडाला लटकणारा आणि एक मुखवटा घातलेला. (कोकणात मूळ असलेल्या ठाणेकराच्या घरी तिसराही असायचा, गावच्या देवळातला.) ली फॉकची ही फॅन्टमची चित्रपट्टी अमेरिकेत १९३६पासून चालू होती. म्हणजे मराठी वाचकासाठी जो ‘नवा’ नायक होता, तो तिकडे पावशतकाहून जुना झाला होता.

शिवाय तो जसाच्या तसा आला नाही. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्टीत तीन-चार चौकटी असतात, कॉमिकचं पान उभं. त्यामुळे चौकटी कापायच्या, कुठे चित्र वाढवायचं, काही प्रसंग सरळ गाळायचे. गोष्टीतल्या देशाचं मूळ नाव बंगालशी जुळत असल्याने इथे त्याचं ‘डेंकाली’ झालं. गोष्टीत मधेच उडी जाणवली तर दोष अनुवादकाचा असेलच असं नाही, बहुतेक वेळा पानांचा हिशेब जमवताना ती पडलेली असते. ‘अमर चित्रकथा’ १९६७ची. तिच्या ३२ पानांच्या अंकाला ही अडचण नव्हती, कारण अनंत पै यांच्या देखरेखीखाली गोष्ट मुळात त्या पानांसाठीच लिहिली जाई.

जुने इंद्रजाल अंक जमवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रमांक १२३ आणि १२४ शोधत रद्दीवाल्यांकडे फिरू नये. संपामुळे ते छापलेच गेले नाहीत. जे मिळतात त्यांचं खाडीकाठच्या दमट हवेत दोन ठिकाणी बिघडतं. पहिलं म्हणजे कागद. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, त्याचं आम्ल होतं, मग पान पिवळं पडतं आणि कडेने तुटतं. दुसरं म्हणजे पिना. त्या गंजतात आणि गंज मधल्या पानाला खातो. सेलोटेप लावू नये, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. पॉलिप्रोपिलीनची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभे. पीव्हीसीची पिशवी स्वस्त असते, पण मुखपृष्ठाची शाई तिला चिकटते. पिशवी घेण्याआधी अंक मोजावा. दुकानातल्या बऱ्याच पिशव्या अमेरिकी मापाच्या, साधारण ६⅞ बाय १०½ इंचाच्या असतात आणि रुंद अंक त्यात कोंबला की कोपरे मोडतात.

अमेरिकी अंकावरची तारीखही फसवी. १९३८च्या एप्रिलमध्ये विक्रीला आलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून छापलेलं आहे. ती तारीख वाचकासाठी नव्हतीच. अंक मांडणीवरून कधी काढायचा हे स्टॉलवाल्याला कळावं म्हणून ती पुढची टाकत. न विकलेला माल तेव्हा परत जाई. १९७०च्या दशकात फिल सूलिंग या अमेरिकी विक्रेत्याने प्रकाशकांशी वेगळा व्यवहार ठरवला, जास्त सवलत घ्यायची पण माल परत करायचा नाही. कॉमिक्सची खास दुकानं त्यावर उभी राहिली, आणि वाशी-ठाण्याच्या वाचकाची आजची अडचणही तिथूनच आली आहे. परत जाणार नाही म्हटल्यावर दुकानदार नोंदणीपुरताच माल मागवतो. अंकाची घोषणा साधारण दोन महिने आधी होते आणि दुकानांची शेवटची मागणी काही आठवडे आधी बंद होते. ट्रेलर पाहून अंक हवासा वाटेपर्यंत ती मुदत गेलेली असते. त्यात वितरकही एक राहिला नाही. डीसी या प्रकाशकाने २०२०मध्ये डायमंड या मोठ्या वितरकाला सोडलं, मार्व्हलने २०२१मध्ये, आणि जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा सुटा अंक हवा असेल तर घोषणेच्याच महिन्यात नाव नोंदवावं. नुसती गोष्ट वाचायची असेल तर पाच-सहा अंकांचं पुस्तक काही महिन्यांनी निघतं. आमच्या मते बहुतेकांनी तेच घ्यावं.

सिनेमाची कथा निराळी. कल्पनारम्य चित्रपट हे परदेशी खूळ आहे असं मानण्यात अर्थ नाही. फाळक्यांनी १९१७मध्ये लंका जाळून दाखवली होती आणि बाबूभाई मिस्त्रींनी १९३७मध्ये काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस उभा केला होता. अडत होतं ते पोचवण्यात. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे अडीच तासांना १३,५०० फूट, हजार फुटी मापाने १४ रिळं. अशा प्रिंट मोजक्याच निघत. इंग्रजी चित्रपट आधी दक्षिण मुंबईतल्या इरॉस-रीगलला लागायचा आणि मग उपनगरांकडे सरकायचा. ठाण्याच्या गणेश, आनंद, मल्हारपर्यंत किंवा वाशीच्या मेघराजपर्यंत येईस्तोवर त्यावर ओरखडे पडलेले असत. वाशीला तर १९९२पर्यंत लोकलही नव्हती.

नकली सीडी आधी पोचतात हे लक्षात आल्यावर जगभर एकाच दिवशी चित्रपट लावणं स्टुडिओंना भाग पडलं, आणि डिजिटल वितरणाने ते शक्य केलं. आता अडीच तासांचा चित्रपट फार तर साधारण २८० जीबीची फाइल असते आणि ती काही दिवस आधीच थिएटरात येऊन पडते. मग चाहते विचारतात, आलाय तर दाखवत का नाही? कारण फाइल कुलूपबंद असते. किल्ली वेगळी येते, ती एका पडद्याच्या एकाच सर्व्हरसाठी चालते आणि तिच्यात सुरू व संपण्याची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेआधी ऑपरेटरलाही चित्रपट चालवून बघता येत नाही. गर्दी पाहून आयत्या वेळी खेळ तीन नंबरवरून पाच नंबरला नेला, किंवा बिघडलेला सर्व्हर बदलला, तर नवी किल्ली मागवावी लागते. किल्ली तयार करताना टाइमझोन चुकला तर पहाटेच्या खेळाला प्रेक्षक आत बसलेले आणि पडदा काळा, असंही होतं. किल्ली ईमेलने येते, दुरुस्त करून घ्यायला वेळ फार लागत नाही. पण ती देणारा माणूस त्या वेळी जागा असावा लागतो.