तोलामोलाची जोड : एंटरप्राइज होडीची पार्श्वभूमी

कोल्हापूरकरांना शिडाच्या होड्यांची शर्यत समजावून सांगताना खासबाग या आपल्या कुस्ती मैदानापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. कुस्तीची जोड लावताना मल्ल तोलामोलाचे आहेत की नाहीत, हे आधी पाहिले जाते. कारण बरोबरीच्या जोडीतच कोणाचा डाव सरस हे कळते. एकोणिसाव्या शतकातील शिडाच्या शर्यतींत मात्र ज्याची होडी नवी आणि महागडी, त्याचेच पारडे बहुधा जड असे. यावर उपाय म्हणून १८८७ मध्ये डब्लिनजवळ थॉमस मिडलटन यांच्या पुढाकाराने 'वॉटर वॅग' या छोट्या होड्या एकाच आराखड्यावर बांधण्यात आल्या. 'वन-डिझाइन' म्हणून ओळखले जाणारे हे तत्त्व पुढे जगभर रुजले. होड्या सारख्या असल्या की वारा ओळखण्याचे आणि सुकाणू धरण्याचे कसबच निकाल ठरवते.

या परंपरेतील 'एंटरप्राइज' ही दोघांनी चालवायची, सुमारे चार मीटर लांबीची होडी जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये आणली. गोलाकार तळ घडवायला मुरलेला कारागीर लागतो. होल्ट यांनी मात्र प्लायवूडचे सपाट तक्ते कोनात जोडून तळ साधला. पाण्याने न सुटणारा गोंद महायुद्धाच्या काळात सुधारला होता, त्यामुळे असे सांधे टिकू लागले आणि बेताच्या पगाराचा माणूसही घरच्या घरी होडी बांधू शकला. 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्राने तिला पाठबळ दिले. शिडाचा निळा रंग ही तिची ओळख ठरली.

आशियाई क्रीडा स्पर्धांतही तिला स्थान मिळाले. १९८२ च्या स्पर्धेतील नौकानयन मुंबईत झाले, तेव्हा एंटरप्राइजचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने जिंकले, तर 'फायरबॉल' या दुसऱ्या वन-डिझाइन होडीत भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवले.

आंबा घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या आपल्या गावाला हा इतिहास परका वाटू नये. ब्रिटनमध्ये एंटरप्राइज नद्यांत आणि तलावांतही पळवली जाते. आपल्याकडे खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात, आणि हैदराबादेत भर शहरातील हुसेनसागरावर 'लेझर' होड्यांच्या राष्ट्रीय पातळीवरील शर्यती होतात.