सॅफो: त्वचा नितळ असताना निदान करावे का?

तळहातावरच्या पूभरल्या पुळ्या, पाठीवरची जहाल मुरुमे आणि छातीच्या वरच्या हाडांची सूज यांच्या जोड्यांची वर्णने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान-युरोपातून येत होती. १९८७ मध्ये फ्रेंच संधिवाततज्ज्ञांनी त्यांना ‘सॅफो’ हे एकच नाव दिले.

वाद आहे तो निदानाच्या १९८८ च्या निकषांचा. छातीची, मणक्याची किंवा हातापायांची हाडे जाडावली असतील तर अंगावर एकही पुळी नसताना हे नाव देता येते, असे त्यांत ठरले. अट अशी, की जंतुसंसर्ग, हाडाची गाठ यांसारखी इतर कारणे आधी वगळायची. विरोधकांना धास्ती होती की न कळणारे प्रत्येक हाडाचे दुखणे या पोतडीत जाईल. धास्ती रास्तच होती. तरीही ती मुभा दिली हेच बरे झाले. त्वचा आणि हाड एकाच वेळी बोलतील याचा नेम नाही. मध्ये कधी वर्षे जातात, काहींना पुळ्या येतच नाहीत. पुळीची वाट पाहायची तर या माणसांनी कुठे जावे? २००३ च्या सुधारित निकषांनीही ही मुभा ठेवली.

गोव्यात गाडी दुसरीकडे अडते. इथे पुळ्या असूनही हिशेबात येत नाहीत. ओल्या काजूबिया सोलणाऱ्या बाईच्या तळहाताची साल निघाली तर ‘चीक लागला’, पावसात तळपायाला झाले तर ‘चिखल्या’. हाडाच्या डॉक्टरला तळवा दाखवावा हे तिला सुचत नाही, आणि चपला काढायला तोही सांगत नाही. दिसते ती कॉलरबोनजवळची सूज, आणि पहिला संशय क्षयाचा. तो घ्यायलाच हवा. पण हाडाचा तुकडा न तपासता एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधे, सुरू झाली, तर गोळ्यांत महिने जातात आणि दुखणे तिथेच राहते.

बोन स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या हाडांच्या चित्रात, दोन्ही कॉलरबोनचे सांधे आणि छातीचे हाड मिळून बैलाच्या डोक्यासारखा आकार उजळला, तर सॅफोकडे बोट जाते. त्यावर पुळ्याही असतील तर अनेक डॉक्टर तुकडा काढणे टाळतात. क्षय घरोघरी माहीत असलेल्या मुलखात मात्र तुकडा काढून कल्चरला पाठवावा, असेच आमचे मत. त्यात मुरुमांचा जंतू वाढला, तर तो रोगाचे कारण की त्वचेवरून आलेली भेसळ, याचा निकाल अजून लागलेला नाही.