नळीवाला की वायरवाला? तापमानाच्या काट्याची पार्श्वभूमी

"पाण्याचा मीटर ऑइलला चालेल का हो?" म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा मीटर इंजिन ऑइलला लावता येईल का? नाशिकमध्ये द्वारकेच्या आसपास स्पेअर पार्टच्या काउंटरवर हा प्रश्न अधूनमधून ऐकू येतो. विचारणारा बहुधा निफाड-पिंपळगावकडचा बागायतदार. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर लावून ट्रॅक्टर तासन्‌तास हळू चालवायचा, रेडिएटरच्या जाळीत पानं नि धूळ बसते, पाण्याचा काटा वर सरकतो. मग ऑइलचं काय झालं असेल, हा किडा डोक्यात शिरतो. जाणता दुकानदार उलट एकच विचारतो, "नळीवाला की वायरवाला?"

मोटारी नव्या होत्या तेव्हा डॅशबोर्डवर तापमान नसायचंच. वाफ निघाली की कळायचं. १९१२च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांचा मीटर आला. तो थेट रेडिएटरच्या झाकणावर बसायचा आणि ड्रायव्हर काचेतून त्यातली लाल रेघ बघायचा. गंमत म्हणजे तो पाण्याचं तापमान मोजतच नव्हता, पाण्यावरच्या वाफेचं मोजायचा. पुढे मीटर डॅशबोर्डवर गेला आणि झाकणावर नुसती शोभा उरली.

डॅशबोर्डवर तो गेला तो नळीच्या आधाराने. फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली दाब मोजायला एक चपटी, वाकवलेली नळी वापरली. आत दाब वाढला की ती उलगडू बघते. तिला लांब, केसासारखं भोक असलेली तांब्याची नळी जोडली, टोकाला ईथर भरलेला बल्ब लावला आणि तो बल्ब इंजिनच्या पाण्यात सोडला. ईथर तापलं, वाफेचा दाब वाढला, काटा हलला. म्हणजे हा अंगाने प्रेशरचाच मीटर, आकडे तेवढे तापमानाचे. वाफेचा दाब सरळ रेषेत वाढत नाही, वर जाताना उसळतो. म्हणून अशा मीटरवर खालचे आकडे दाटीवाटीने आणि वरचे ऐसपैस असतात. जुना ट्रॅक्टर दिसला तर जरूर बघा.

बल्बच्या भोवती पाणी आहे की ऑइल, याच्याशी ईथरला देणंघेणं नाही. नळीवाला मीटर ऑइल नक्की दाखवेल. अडचण पट्टीची आहे. पाण्याची पट्टी साधारण १२० अंशांवर संपते. ऑइल मात्र जोराच्या कामात ११०-१२०ला सहज पोचतं, म्हणून त्याचे मीटर १५० अंशांपर्यंत केलेले असतात. पट्टीबाहेर दाब गेला की आतली नळी कायमची ताणली जाते आणि मीटर मग आयुष्यभर खोटं बोलतो.

वायरवाल्याची कुळी वेगळी. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विद्युतरोध घटतो, हे फॅरेडे यांनी १८३३ सालीच नोंदवलं होतं. व्यवहारात उतरणारा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा तुकडा, यायला मात्र सुमारे शंभर वर्षं गेली. सॅम्युअल रूबेन यांचा १९३०चा. आजचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून वायरने मीटरला खबर देणारा भाग, हा पितळी बोल्टात बसवलेला असाच एक मणी. मीटर तापमान बघत नाही, सेंडरमधून किती करंट आला तेवढं बघतो. त्यामुळे सेंडर आणि मीटर जोडीचे हवेत. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावला तर काटा छान हलतो, फक्त आकडा भलताच.

इथे माझाही पोपट झाला आहे. एका जीपच्या ऑइलला सेंडर लावताना गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे मारले. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. टेपने तेच तोडलं, रोध वाढला आणि मीटरला वाटलं ऑइल गार आहे. इंजिनवर हात ठेववेना आणि काटा तळाशी! टेप खरवडून काढल्यावर जागेवर आला.

कुठलाही मीटर असो, बल्ब किंवा सेंडर कुठे बसला आहे ते आधी विचारावं. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं नि उशिरा निवतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तळाच्या पॅनमध्ये मोजलं तर एक आकडा, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) बाहेर पडताना मोजलं तर त्याहून बराच चढा. पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा चक्क खाली येऊ शकतो. घाटात यानेच भले भले फसतात.

पुढे कॉम्प्युटर आला आणि काट्याला शहाणपण शिकवलं गेलं. जरा काटा हलला की लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला यायचे, म्हणून बऱ्याच गाड्यांत मधल्या पट्ट्यात तो मुद्दाम स्थिर ठेवतात. काही छोट्या गाड्यांत तर काटाच गेला. निळा दिवा म्हणजे गार, लाल म्हणजे थांबा. मागच्या उन्हाळ्यात मुंबईहून येताना स्टिअरिंगखालच्या पोर्टला गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून कसारा घाट चढलो. स्कॅनरवर पाण्याचा आकडा ९१वरून १०२वर गेला, इगतपुरीला चहा घेईपर्यंत परत ९०वर आला. काटा सगळा वेळ बरोब्बर मध्यावर.