जॉर्जियात मतदार नोंदणी: शपथ झाली, आता आधी लायसन्स

2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जियाने बायडन यांना 24,73,633 आणि ट्रम्प यांना 24,61,854 मतं दिली. फरक 11,779. 1992 नंतर पहिल्यांदाच हे राज्य डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलं आणि त्याची 16 इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्याच्या वाट्याची मतं) बायडन यांच्या खात्यात पडली. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग, सुवानी या पट्ट्यात राहणारी आपली मंडळी आठवा. अकरा हजार हा आकडा मग फार लांबचा वाटत नाही. 2024 मध्ये वारं फिरलं आणि ट्रम्प सुमारे 1 लाख 15 हजारांनी जिंकले. तुम्ही कोणाच्याही बाजूचे असा, मतदार यादीत नाव नसेल तर बाजू असून उपयोग नाही.

आणि आपल्या लोकांची गाडी नेमकी यादीपाशीच अडते.

कोणाला नोंदणी करता येते

अमेरिकन नागरिकत्व हवं, ज्या काउंटीत नोंदणी करायची तिथेच कायमचा पत्ता हवा. साडेसतराव्या वर्षी अर्ज करता येतो, मतदानाच्या दिवशी मात्र 18 पूर्ण हवीत. गंभीर गुन्ह्याची शिक्षा सुरू नसावी आणि मतदानास मानसिकदृष्ट्या अक्षम असल्याचा न्यायालयाचा निकाल नसावा. इतकंच. आईवडील अजून एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि मुलगी इथेच जन्मलेली, अशा घरात पहिलं मत मुलीचं पडतं. तिला आठवण करा.

ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. लायसन्स काढताना अर्जात मतदार नोंदणीचा भाग असतो. तिथे आपण नागरिक नाही हे साफ सांगा, चुकूनही सही करू नका. नागरिक नसताना ‘मी नागरिक आहे’ असं लिहून दिलं तर पुढे नागरिकत्वाची आशा तर जातेच, देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत वेळ येते. ‘काउंटरवरच्या बाईंनी टिक करायला सांगितलं’ हे तिथे चालत नाही. हातात भारतीय पासपोर्ट असेल तर तुमचं मत अजून महाराष्ट्रातच आहे: फॉर्म 6ए भरून अनिवासी मतदार म्हणून गावच्या यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं.

अर्ज अडकतो कुठे

जॉर्जियाचं लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, दहा मिनिटांचं काम. नसेल तर कागदी फॉर्म टपालाने. गंमत पुढे आहे. अर्जावरची माहिती लायसन्स खात्याच्या नोंदीशी ताडून बघतात. तुम्ही लायसन्स काढलंत तेव्हा व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर होतात. त्या खात्याच्या लेखी तुम्ही आजही परदेशी आहात, कारण नागरिकत्वाच्या शपथविधीची खबर त्यांना आपोआप जात नाही. मग अर्ज फेटाळला जात नाही, पण मंजूरही होत नाही, ‘पेंडिंग’ म्हणून लोंबकळत राहतो. घरी पत्र येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर कचऱ्यात जातं.

म्हणून शपथ झाली की पहिली फेरी लायसन्स खात्यात. नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र किंवा नवा अमेरिकन पासपोर्ट घेऊन जा आणि नोंद बदलून घ्या. सोशल सिक्युरिटीतही नागरिकत्वाची नोंद करून घ्यावी. मतदार नोंदणीचा अर्ज त्यानंतर. आधीच पेंडिंग पडला असेल तर घाबरू नका: काउंटीच्या नोंदणी कार्यालयात पुरावा देता येतो, आणि तेही राहिलं तर मतदान केंद्रावर प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट दाखवता येतो. पण त्या दिवशी रांगेत उभं राहून हे समजावत बसण्यापेक्षा आधी मिटवलेलं बरं.

दुसरी डोकेदुखी नावाची. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र बसलेलं असतं. इथे एका कागदावर ते दोन्ही मिळून पहिलं नाव होतं, दुसऱ्यावर वडिलांचं नाव ‘मिडल’मध्ये जातं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर उरतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या तीन कागदांवर दीक्षितमधली ‘दी’ दोन तऱ्हांनी होती, लायसन्सवर एक ‘आय’, प्रमाणपत्रावर दोन ‘ई’. काकू म्हणाल्या, ‘अगं, पण मी एकच आहे ना!’ 2018 मध्ये असल्याच न जुळणाऱ्या नोंदींमुळे जॉर्जियात सुमारे 53 हजार अर्ज पेंडिंग होते आणि त्यावरून कोर्टकचेरी झाली. 2019 साली कायदा बदलला. आता केवळ स्पेलिंगवरून नोंदणी अडत नाही, पण नागरिकत्वाची नोंद जुळली नाही तर अजूनही अडते. नागरिकत्वाचा अर्ज अजून भरायचा असेल तर त्यातच नाव बदलून मागायची सोय आहे. तेव्हाच एक स्पेलिंग ठरवून टाका.

तारखा

नोंदणीची शेवटची तारीख मतदानाच्या आधीचा पाचवा सोमवार. 2024 मध्ये ती 7 ऑक्टोबर होती. अल्फारेटाहून कमिंगला घर हलवलंत तर काउंटी बदलते, फुल्टनची फोर्साइथ होते, तेव्हा नोंदणीही त्याच मुदतीत बदला. राज्याच्या ‘माय व्होटर पेज’वर नाव आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघता येते, केंद्राचा पत्ताही तिथेच मिळतो. अर्ज केल्यावर दोन आठवड्यांनी एकदा बघाच.

मतदानाला जाताना

फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. जॉर्जियाचं लायसन्स (मुदत संपलेलंही चालतं), वैध अमेरिकन पासपोर्ट, सरकारी नोकरीचं किंवा लष्करी ओळखपत्र, राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी कार्ड, यांपैकी काहीही एक. काहीच नसेल तर काउंटी फुकट मतदार ओळखपत्र करून देते. ओसीआय कार्ड (भारत सरकारचं परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड) दाखवून उपयोग नाही, आणि हे मी उगाच लिहीत नाहीये.

लवकर मतदान सुमारे तीन आठवडे आधी सुरू होतं, त्या काळात काउंटीतल्या कुठल्याही लवकर-मतदान केंद्रावर जाता येतं. शेवटच्या दिवशी मात्र ठरलेलंच केंद्र, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. आईबाबांना नेत असाल तर लक्षात ठेवा: 75 च्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना त्या दिवशी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार रांगेत थांबावं लागत नाही, फक्त तिथल्या माणसाला तसं सांगावं लागतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर मदतीला माणूस सोबत नेता येतो, तो त्यांचा मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नसला की झालं.

टपाली मतपत्रिका कोणालाही मागता येते, कारण द्यावं लागत नाही. 2021 च्या कायद्याने अर्ज मतदानाच्या 78 दिवस आधीपासून 11 दिवस आधीपर्यंतच घेतले जातात आणि सहीऐवजी लायसन्सचा क्रमांक ताडला जातो. लिफाफ्यावर तो क्रमांक, जन्मतारीख आणि सही, तिन्ही हवंच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत मतपत्रिका पोचली पाहिजे, पोस्टाचा शिक्का कधीचा आहे हे बघत नाहीत. 65 च्या पुढच्यांना एकच अर्ज करून त्या वर्षातल्या सगळ्या निवडणुकांच्या मतपत्रिका घरी मागवता येतात.

केंद्रावर यंत्रावर बोटाने निवड केली की कागद छापून येतो. तो वाचा आणि मगच स्कॅनरमध्ये सरकवा. घाईत कोणी वाचत नाही. 2020 मध्ये वाद पेटला तेव्हा याच कागदांवर सगळी भिस्त होती. पन्नास लाखांच्या आसपास मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. त्यात फ्लॉइड काउंटीत स्कॅनच न झालेली 2,600 च्या वर मतं सापडली. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने ट्रम्प यांना आणखी एक फेरमोजणी मागता आली, ती यंत्रावर झाली. तीन मोजण्यांत फरक थोडा हलला, विजेता तोच राहिला.

यादीत नाव सापडलं नाही किंवा ओळखपत्र घरी राहिलं, तर तसेच परत फिरू नका. ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरती मतपत्रिका मागा. पुढच्या तीन दिवसांत काउंटीच्या कार्यालयात कागद नेऊन दाखवले की ते मत मोजलं जातं. काकूंनी तसंच केलं, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेलं होतं.