किनारी पाणलोटाची तब्येत तपासणं (अभयारण्यं आणि नॅशनल पार्क)

समुद्राला मिळणाऱ्या नदीचं पाणी जिथून जिथून गोळा होतं तो सगळा उतार म्हणजे तिचं पाणलोट. त्यातला काही भाग अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात येत असेल, तर तिथलं पाणी, गाळ, झाडोरा आणि जीवजंतू कुठल्या अवस्थेत आहेत हे ठरलेल्या खुणांवरून तपासायचं, ती ही पद्धत. नाशिकला समुद्र नाही तरी हा विषय इथला आहे, कारण त्र्यंबकच्या डोंगरात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्रात जाते, गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात, आणि पेठ-सुरगाण्याचं पाणी दमणगंगा, नार, पार यांच्यातून गुजरातकडे.

शब्दाचा घोळ जुना आहे. इंग्रजीतलं 'वॉटरशेड' आधी दोन खोऱ्यांमधल्या धारेला म्हणायचे (ब्रिटिश वापर अजून बराचसा तोच), अमेरिकेत त्याचा अर्थ अख्खं खोरं असा झाला. मराठीत धारेला जलविभाजक आणि खोऱ्याला पाणलोट असे वेगळे शब्द असल्यामुळे गोंधळायचं कारण नाही, तरी भाषांतरित रिपोर्टांमध्ये त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरालाच 'पाणलोट' करून टाकलेलं दिसतं, ते चूक.

खुणांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा बीओडीची. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात तो हा आकडा. बाटली काठोकाठ भरायची, बूच लावताना एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही, ऑक्सिजन मोजायचा, दुसरी तशीच बाटली अंधारात २० डिग्रीला पाच दिवस ठेवून परत मोजायचा, फरक म्हणजे बीओडी. आता पाचच दिवस का? नेहमी सांगतात ती गोष्ट अशी, की ब्रिटनमधल्या नद्यांचं पाणी उगमापासून समुद्रात पोचायला फार तर पाच दिवस लागतात म्हणून तिथल्या सांडपाण्याच्या रॉयल कमिशनने ही मुदत धरली. कमिशनचा आठवा रिपोर्ट १९१२ चा, त्यात पाच दिवस आणि ६५ डिग्री फॅरनहाइट आहे, इतकं नक्की. बाकीची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत फिरते आणि सावधपणे घेतलेली बरी. पद्धत टिकली त्याचं जास्त पटणारं कारण प्रयोगशाळेतलं आहे: पाच दिवसांत अमोनियावर जगणारे जीवाणू सहसा जोर धरत नाहीत, त्यामुळे आकड्यात भेसळ कमी होते. आपल्याकडे हवा गरम म्हणून २७ डिग्रीला तीन दिवस अशी पद्धत रुळली. म्हणजे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवण्याआधी बाटली किती दिवस ठेवली होती ते बघायचं, जे बहुतेक जण बघत नाहीत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम लागतो.

बाटली फक्त त्या दिवसाचं सांगते, दगड महिन्यांचं. ओढ्यातला दगड उलटा करा, खाली तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं असतील तर पाणी सहसा चांगलं. गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील तर ऑक्सिजन कमी, कारण त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्या तशातही तगतात.

निकाल देण्याची अमेरिकन नॅशनल पार्क सर्व्हिसची रीत सोपी आहे: एक वर्तुळ काढायचं, त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग अवस्थेसाठी, बाण सुधारतंय की बिघडतंय यासाठी आणि वर्तुळाची कड भरवशासाठी, कड तुटक असेल तर माहिती कच्ची. ही तुटक कड आपल्या रिपोर्टांत यायला हवी.

खरी अडचण हद्दीची. पार्कची रेघ आणि पाणलोटाची रेघ क्वचितच जुळतात. तानसा अभयारण्य मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांभोवतीचं जंगल राखतं, पण वैतरणेचा माथा त्याच्या बाहेर, आपल्या जिल्ह्यात. गोदावरीच्या मुखाशी आंध्रात काकिनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे, तिथल्या खारफुटीला वरून येणारा गाळ लागतो, तो धरणांत अडतो आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचतो. पहिला मोठा अडसर नाशिकातच, गंगापूर धरण (१९६५). पुढे निफाड तालुक्यात गोदा-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, जो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, साठवायचं पाणी होतं पण साठला गाळ, त्या गाळाची बेटं आणि उथळ दलदल झाली, पक्षी आले, १९८६ ला अभयारण्य आणि २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं). पाटबंधाऱ्याच्या हिशोबात जो बिघाड तीच पक्ष्यांची इस्टेट, आणि तोच गाळ कोरिंग्यात कमी पडतोय. तेव्हा 'तब्येत चांगली' म्हणजे कुणाची, हे तपासणीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.

भूजल आणि खाडीतला खारेपणा यांची माहिती महाराष्ट्रापुरती विस्कळीत आहे. नमुने बहुधा उघडिपीत घेतात, पण खत, माती, गटारं वाहून जातात पहिल्या पुरात. त्या दिवशी नाशिक गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतं, पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, आणि तोपर्यंत पाणवेलींचे गठ्ठे खाली सायखेड्याच्या पुलाला जाऊन अडकलेले असतात. बाटली भरायची ती त्या वेळी.