पोरांना पोस्टर नको, पाऊस मोजायला द्या

दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, बहुतेक शाळांत तेच चालतं. 'पाणी वाचवा'ची पोस्टर्स, घोषणा, एक रोप, फोटो, झालं. अभ्यासक्रमात विषय नाही असंही नाही, पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं आणि आपल्याकडे नववी-दहावीला आता जलसुरक्षा नावाचा वेगळा विषय आहे. पण मुळात पाणी आहे किती हेच पोरांना माहीत नसेल तर ती वाचवणार काय, कपाळ?

मोजायला फार काही लागत नाही. सरळ उभ्या बाजूंची कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा म्हणजे नरसाळं तयार. या बाटल्यांचा तळ खळग्यांचा असतो, तिथे मोजमाप चुकतं, म्हणून आधी तळात खडे टाकायचे, ते बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि त्या पातळीला पट्टीचा शून्य चिकटवायचा. मग बाटली झाडांपासून, भिंतींपासून लांब मोकळ्यावर ठेवायची आणि रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहायचा, हवामान खात्याची वेळ पण तीच आहे. लिहून झालं की पाणी परत शून्यापर्यंत आणायचं, हे पोरं हमखास विसरतात.

आता खरी गंमत. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर बरोबर १ लिटर पाणी. वर्गाचं पत्र्याचं छप्पर १० मीटर बाय ६ मीटर असेल आणि २० मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर, त्यातलं थोडं उडालं-सांडलं तरी साडेनऊशेच्या आसपास हाती येतं. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात, म्हणजे एका सरीत, एका वर्गाच्या छपरावरून १७ जणांचं दिवसभराचं पाणी. हे गणित चौथी-पाचवीच्या पोराला जमतं, आणि मग ते पन्हाळीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतं.

हिवरे बाजारला (नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर) अख्खं गाव असंच चालतं. पोपटराव पवार तिथे १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, डोंगरावर चर खणले, बांध घातले, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते पाण्याच्या ताळेबंदाबद्दल. पावसाळा संपला की किती पडला, किती मुरला याचा हिशोब मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ग्रामसभेत ठरतं, शेतीसाठी बोअर पाडायची नाही हाही गावाचाच नियम. शाळेतल्या मुलांनाही हा ताळेबंद शिकवतात. मला विचाराल तर चर खणण्यापेक्षा हे अवघड काम आहे.

कारण जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही. आपला बराचसा महाराष्ट्र बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर बसलाय, आणि या दगडात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात. ढोबळमानानं १०० लिटर खडकातून आपल्याला काढता येतं १ ते ३ लिटर. २ धरा. मग १ हेक्टरखालची पाण्याची पातळी १ मीटरनं वर आली तर हिशोबात जमा झाले २ लाख लिटर. मुलांनी शाळेजवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पातळी मोजली की हे आकडे त्यांचे स्वतःचे होतात.

आणि पिकांची गरजही मिलिमीटरमध्येच मोजतात, त्यामुळे सरळ वजाबाकी करता येते! ज्वारीला हंगामात साधारण ४५० ते ६५०, उसाला १५०० ते २५००. पाऊस ५०० चा आणि ऊस अगदी कमीत कमी म्हणजे १५०० चा धरला तरी तूट १००० मिलिमीटर, हेक्टरी १ कोटी लिटर. १ मीटरला २ लाख या भावानं ते पाणी जमिनीतून काढायचं तर ५० हेक्टरची पातळी एकेक मीटरनं खाली जाते, आणि त्या ५० हेक्टरांत आजूबाजूच्या कितीतरी लोकांच्या विहिरी असतात. ज्या पोराच्या घरी ऊस आहे ते हे गणित घरी घेऊन जाणार आणि बापाला विचारणार, तेव्हा थोडी कुरबुर होईल, होऊ दे.